टेम्पोवरचं तोंड

"पुसून टाक म्हणजे पुसून टाक. मला ते तोंड बघायचं नाय," परशुदादा बोलला.

"सगळं?" सहदेव पेंटरने ब्रश कानामागे खोचला. "अहो भोईरशेठ, नुसत्या नाकावर मी दोन दिवस बसलेलो. असं नाक पुन्हा येत नाही."

"नाक गेलं खड्ड्यात."

"नाकाने काय केलंय तुमचं? गेला तो माणूस. नाक इथेच आहे."

वागळे इस्टेटमध्ये सोळा नंबरच्या रोडला सहदेवचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक पत्रा आणि खाली दोन स्टुलं. समोर परशुदादाचा बंद बॉडीचा टेम्पो उलटा लावलेला. मागच्या दोन दरवाजांवर कमलेशचं तोंड, अर्धं एका दरवाजावर, अर्धं दुसऱ्यावर. माल काढायला दरवाजा उघडला की कमलेश मधोमध फाटायचा आणि बंद केला की परत हसायला लागायचा. खाली लाल अक्षरात लिहिलेलं, 'बाळकुमचा वाघ. कमलेश म्हात्रे. ९ नंबर. एका सीझनला ३४ गोल.' त्याच्या खाली मालवाहतुकीसाठी मोबाईल नंबर, तो पण तेवढाच मोठा.

सगळे जण स्टिकर लावतात. परशुदादाने हाताने रंगवून घेतलेलं. तेव्हा तो सहदेवला बोललेला, "स्टिकर एका पावसात निघतो. आपलं कायमचं आहे."

कायमचं ते सात महिने टिकलं.

परशुदादा म्हणजे परशुराम भोईर. बाळकुममध्ये खाडीकडच्या मैदानात गावदेवी फुटबॉल क्लब खेळतो, तो त्याने बावीस वर्षांपूर्वी काढला. तो स्वतः कधी खेळला नाय. पळायला लागला की त्याला दम लागतो. पण प्रत्येक मॅचला मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसतो आणि रेफरीला पहिल्या मिनिटापासून शिव्या देतो. क्लबची जर्सी त्याची, बॉल त्याचे, आणि कमलेश तर सख्ख्या बहिणीचा पोरगा. कमलेशला पहिले बूट त्यानेच घेऊन दिलेले, दोन साईज मोठे, म्हणजे पुढच्या वर्षी पण चालतील.

तर हा कमलेश गणपतीनंतर एका संध्याकाळी प्रॅक्टिस झाल्यावर मामाच्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला.

"मामा, मला डोंबिवलीने बोलावलंय."

"कशाला?"

"खेळायला. रवींद्रशेठची टीम आहे ना, ती. महिन्याला अठरा हजार देतात. त्यांच्या कंपनीत कामाला पण लावतात."

परशुदादाला आधी कळलंच नाय. मग कळलं. "आम्ही तुला काय कमी केलं?"

कमलेश सरळ पोरगा आहे. त्याने खरंच विचार केला. "कमी असं नाय. जिंकलो की भुर्जीपाव असायचा. हरलो की नुसता पाव."

"आणि माया?"

"ती दोन्ही वेळेला असायची," कमलेश बोलला. "पण मायेवर बाईकमध्ये पेट्रोल टाकत नाय कोण."

त्या दिवसापासून मामा भाच्याशी बोलायचा बंद झाला. समोर आला तरी त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायचा, जसा काय तिकडे कोणीतरी कॉर्नर घेतोय.

घरी पण हाच विषय. परशुदादा ताटावर बसला की सुरू. पैसा बघितला की माणूस गाव विसरतो, रक्त विसरतो, आजकाल निष्ठा राहिली नाय. लक्ष्मीवैनी चार दिवस गप ऐकत होती. पाचव्या दिवशी तिने भाकरी तव्यावर उलटली आणि बोलली, "अवो, खाली आपली गाडी उभी राहते तिकडे काय होतं?"

"शेत होतं आपलं. का?"

"बिल्डर चेक घेऊन आला तेव्हा तुमी भाताला विचारलेलं?"

"जमीन वेगळी, माणूस वेगळा."

"ते पण खरं," वैनी बोलली. "जमीन बिचारी पळून नाय जाऊ शकत."

परशुदादा चौथ्या मजल्यावर राहतो, स्वतःच्याच शेतावर. त्याला हे बोलणं झोंबलं. पण वैनीवर चिडून उपयोग नसतो हे त्याला लग्नापासून माहीत आहे, म्हणून त्याने राग टेम्पोवर काढायचं ठरवलं.

आता सहदेवने त्याच्याकडे आणि टेम्पोकडे आळीपाळीने बघितलं. "हे बघा. सगळं खरवडून नवीन काढायचं तर सात हजार. नाक आणि डोळे ठेवून बाकी बदललं तर दोन. दाढी घालतो, केस बारीक करतो. दुसरा माणूस होईल."

"कोण होईल?"

"तुम्ही सांगा कोण पाहिजे."

परशुदादा स्टुलावर बसला. टीममध्ये चौदा पोरं होती. कमलेश गेल्यावर तेरा. त्यात हर्षितला दाढी होती. शिवाय कमलेश गेला त्या दिवशी हर्षित मैदानात रडलेला आणि गावदेवीची शप्पथ घेऊन बोललेला की मेलो तरी बाळकुम सोडणार नाय.

"हर्षित कर," परशुदादा बोलला. "आणि खाली लिही, 'बाळकुमचा खरा वाघ'."

तीन दिवसांनी हर्षित दरवाजांवर आला. नाक सोडलं तर बरोबर वाटत होता. पोरांनी फोटो काढले. हर्षितच्या आईने टेम्पोला हळदकुंकू लावलं. टेम्पो रोजच्यासारखा वागळे इस्टेटमधून पुठ्ठ्याचे खोके भरून डोंबिवलीच्या एमआयडीसीत जायला लागला, कधी कधी कल्याणला पण.

तीन आठवड्यांनी हर्षित बॉक्स घेऊन घरी आला.

"दादा, पेढे."

"कसले रे?"

"मला कल्याणच्या टीमने घेतलं. पंधरा हजार देतात."

परशुदादाने पेढा उचलला होता. तो आता खाली ठेवायचा की खायचा ते त्याला समजेना. "शप्पथ घेतलेलीस ना रे तू?"

"घेतलेली. म्हणून आधी देवळात जाऊन आलो," हर्षित बोलला. "नारळ फोडला, माफी मागितली. मग पेढे घेतले. तुमच्याकडे दुसरा नंबर लावलाय, घरी पण अजून नाय दिले."

हा पोरगा मान देतोय का चावतोय, काय कळायला मार्ग नव्हता. परशुदादाने पेढा खाल्ला.

आता बारा राहिले. दुसऱ्या दिवशी टेम्पो परत सोळा नंबरच्या रोडला. सहदेव चहा पीत होता. त्याने टेम्पो वळताना बघितला आणि काही न विचारता डबे उघडले.

"यावेळी असा काढ जो कुठे जाणारच नाय," परशुदादा बोलला.

"असा माणूस आहे का तुमच्याकडे?"

"आहे. काळुराम."

काळुराम बॅकला खेळतो. वय एक्केचाळीस. खरं तर खेळतो कमी, उभा राहतो जास्त, पण असा उभा राहतो की समोरच्याला वळसा घालून जायला लागतं. तो चावीवाला आहे, म्हणजे गावाच्या पाण्याचा व्हॉल्व्ह सकाळी साडेपाचला तोच उघडतो. काळुराम आजारी पडला की अर्धं बाळकुम बादली घेऊन त्याच्या दारात तब्येत विचारायला जातं. नोकरी इथे, बायको इथली, पोरं इथल्या शाळेत. त्याला कोण नेणार आणि नेऊन काय करणार?

सहदेवने दाढी काढली, गाल फुगवले, मान काढूनच टाकली. "या माणसाला दरवाजे पुरत नाहीत हो," तो बोलला. कान दोन्ही बाजूला पत्र्यावर गेले. खाली लिहिलं, 'बाळकुमची भिंत'.

भिंत बारा दिवस टिकली.

"परश्या, रागवू नको," काळुराम मैदानात येऊन बोलला. "डोंबिवलीला एक मोठी सोसायटी हाय. त्यांची चाळिशीवरल्यांची टीम हाय. मना बोलावतात."

"किती देतात?"

"पैसं नाय."

"मग?"

"हाफटाईमला कलिंगड देतात. कापलेला. वर मीठ टाकून."

अठरा हजार त्याला समजू शकत होते. पंधरा पण समजू शकत होते. कलिंगड त्याला समजेना. "मी तुला कलिंगड दिलं नसतं का रे?"

"तुना कधी सुचला?" काळुराम बोलला. मग हळूच बोलला, "आनी त्यांना वाटतं मी तिकडचा पानी पन सोडीन. आता मी कशाला सांगू, माझी चावी तिकडं लागत नाय."

बारातून एक गेला, अकरा राहिले. आणि पंधरा दिवसांवर डोंबिवलीची टुर्नामेंट आलेली, पहिलीच मॅच रवींद्रशेठच्या टीमशी, म्हणजे कमलेशशी. तिकडचा नियम कडक आहे. मैदानात अकरा उभे नसतील तर नाव कापतात. बावीस वर्षांत गावदेवीचं नाव कुठे कापलं गेलं नव्हतं. परशुदादाला जेवण जाईना. आता अजून एक जरी फुटला तरी क्लब खलास, आणि तो पण भाच्यासमोर.

तो सोफ्यावर बसून एकेकाचं नाव घेत होता. संदेश जाणार नाय, त्याचं इकडे लफडं आहे. विनीत जाणार नाय, त्याला सकाळी उठता येत नाय. ऋतुराजचा भरोसा नाय. जागृती, त्याची पोरगी, समोर फोनवर टेम्पोच्या ऑर्डरी बघत होती. धंद्याचा फोन तिच्याकडेच असतो, कारण परशुदादा गिऱ्हाइकाशी पण रेफरीसारखाच बोलतो.

"पप्पा, आता टेम्पोवर कोणाला काढणारेस?" तिने विचारलं.

"ऋतुराजला काढतो. मान दिला की टिकेल."

"म्हणजे ऋतुराज पण गेला."

"का?"

जागृतीने फोन खाली ठेवला. "पप्पा, तुझा टेम्पो कुठे जातो रोज?"

"डोंबिवलीला."

"काटई नाक्याला किती वेळ अडकतो?"

"अर्धा तास. कधी पाऊण."

"मग मागच्या गाडीवाल्याने पाऊण तास काय बघायचं?"

परशुदादाने नावं मोजायला उघडलेली बोटं मिटली.

"चौतीस गोल लिहिलंयस. वाघ लिहिलंयस. नंबर टाकलायस," जागृती बोलली. "लोक फोन करतात. हा प्लेअर कुठे खेळतो, कसा आहे, पायाला काही लागलेलं आहे का."

"आणि तू काय सांगतेस?"

"जे आहे ते. रविवारी सकाळी सात वाजता, बाळकुम, खाडीकडचं मैदान. मला वाटलं फॅन आहेत. एकाला तर मी लोकेशन पाठवलं."

"कोणाला?"

"रवींद्रशेठला असेल. आवाज मोठा होता त्याचा."

आतून लक्ष्मीवैनी हसायला लागली. आधी हळू, मग तिला भिंतीला हात लावायला लागला. "जल्ला मेला," ती बोलली, "लोक पोरीचा फोटो पन असा फिरवत नाय लग्नासाठी."

परशुदादा बाल्कनीत जाऊन उभा राहिला. खाली पार्किंगमध्ये टेम्पो होता आणि वरून फक्त काळुरामचा एक कान दिसत होता. कमलेशला डोंबिवलीने पळवला असं तो सगळ्यांना सांगत फिरत होता. आणि इकडे त्यानेच स्वतः डिझेल जाळून, टोल भरून, पोरगा रोज डोंबिवलीला दाखवायला नेलेला.

सकाळी तो सहदेवकडे गेला. "पांढरा मार सगळा," तो बोलला. "कोणाला काढायचं नाय."

"पांढरा चांगला दिसत नाही. वाण्याचा टेम्पो वाटतो." सहदेवने डोकं खाजवलं. "देव काढू का?"

"देवाच्या तोंडावर मागच्या गाड्यांचा हॉर्न? नको."

"मग असं तोंड काढा ज्याला कोणी मागणार नाही."

दोघं जण टेम्पोकडे बघत बसले. मग सहदेव हळूहळू वळून परशुदादाकडे बघायला लागला. परशुदादाने आधी मागे वळून बघितलं, मग त्याच्या लक्षात आलं.

"माझं?"

"तुम्ही खेळत नाही. तुम्हाला कोण नेणार?" सहदेव बोलला. "आणि नाकाला हात लावायला नको. कमलेशचं नाक मामावरच गेलंय. एवढ्या वर्षांत मी एक नाक तीन वेळा वापरलं, आता ते जागेवर बसेल."

यात दम होता. टीम पण वाचत होती आणि तोंडाला थोडा मान पण मिळत होता. परशुदादाने मजकूर स्वतः सांगितला. 'परशुराम भोईर. संस्थापक, गावदेवी फुटबॉल क्लब, बाळकुम. बावीस वर्षं एकाच टीमसोबत. विकला गेला नाही, विकला जाणार नाही.' शेवटची ओळ सहदेवने पिवळ्या रंगात काढली, म्हणजे हेडलाईट पडला की चमकेल.

आणि खरंच कोणी फुटलं नाय. पहिला आठवडा गेला, दुसरा निम्मा गेला. अकराच्या अकरा पोरं प्रॅक्टिसला यायची. ऋतुराजला कोणी ओळखत नव्हतं. परशुदादा परत जेवायला लागला. मॅचच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी तो बोंबलाचं कालवण आणि भात घेऊन बसलेला, तेव्हा जागृतीचा फोन वाजला. तिने ऐकलं, मग स्पीकरवर टाकून फोन ताटाच्या बाजूला ठेवला.

"परशुरामशेठ का? मी रवींद्र बोलतोय, डोंबिवलीवरून."

परशुदादाने घास तसाच धरला. "आता कोण पाहिजे तुम्हाला? अकराच राहिलेत माझ्याकडे. एक पण देणार नाय."

"पोरं नको हो. पोरं आहेत माझ्याकडे." आवाज खरंच मोठा होता. "तुमचा टेम्पो बघतो मी काटईला. तीन महिने झाले. कमलेश घेतला, एक नंबर निघाला. तो दाढीवाला मी घ्यायच्या आधी कल्याणवाल्याने उचलला, तो पण चांगला. आमच्या सोसायटीवाल्यांनी ती भिंत नेली, तिच्यावरून एक बॉल गेला नाय अजून. मग मी विचार केला, ज्याने ही माणसं शोधली त्यालाच का नाय आणायचं?"

लक्ष्मीवैनी गॅस बारीक करून ऐकायला आली.

"मी विकला जाणारा माणूस नाय," परशुदादा बोलला. "टेम्पोवर लिहिलंय."

"ते वाचूनच फोन केला. विकले जाणारे खूप आहेत माझ्याकडे, उद्या दुसऱ्याकडे जातील. मला न जाणारा माणूस पाहिजे. मॅनेजर म्हणून या. महिन्याला तीस हजार. पोरं तुम्ही निवडायची. कडेला शेड आहे, त्यात खुर्ची आहे तुमची. गादीवाली, फिरती."

"फिरती?"

"फुल फिरती. दोन्ही गोल दिसतात."

परशुदादाने घास तोंडात टाकला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ चावला. बोंबलात चावण्यासारखं काही नसतं.

"विचार करून सांगतो," तो बोलला.

फोन बंद झाला. जागृती छताकडे बघायला लागली. वैनी बोलली, "भाताला विचारा हां या वेळी," आणि आत गेली.

त्या संध्याकाळी परशुदादा प्रॅक्टिसला गेला. खुर्ची टाकून बसला. ती प्लास्टिकची आहे, एका पायाखाली वीट लावायला लागते, आणि डाव्या बाजूचा गोल बघायचा तर सगळं अंग वळवायला लागतं. पोरं धावत होती. त्याने एकदा पण कोणाला शिवी घातली नाय. संदेशने येऊन विचारलं, "दादा, तब्येत बरी ना?" त्याने मान हलवली. मग उठला, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गोलपोस्टच्या मागे गेला आणि एक नंबर लावला. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"मामा?" तिकडून कमलेश बोलला. त्याचा आवाज एकदम बारीक झालेला. "मामा, बोल ना. तू रागवलास ते बरोबरच होतं. मला पण चैन नाय पडत इकडे. तू बोल काहीतरी."

परशुदादाने इकडे तिकडे बघितलं. जवळ कोणी नव्हतं.

"काय नाय," तो बोलला. "एक विचारायचं होतं. तिकडे पगार वेळेवर देतात काय रे?"

"पाच तारखेला."

"पाच म्हणजे पाच?"

"पाचला रविवार आला तर चार."

"चांगलं आहे," परशुदादा बोलला. "जेवलास का?"

आज रविवार. अकराच्या अकरा पोरं जर्सी घालून तयार आहेत, नाव काय कापलं जात नाय. एकच माणूस सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी पुढे गेलाय, रिक्षाने, आणि टेम्पोची चावी जागृतीकडे देऊन गेलाय. पोरं विचारतायत आपली खुर्ची घ्यायची की नाय. मॅच बघायला मला पण आता निघायला लागेल, टेम्पोत मागे जागा भरत आलीय.